न बधणारा

टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर, सोळा पायऱ्या चढून
माझा इंग्रजीचा क्लास. जुना जालना.
फळा उजवीकडं फुगलाय, लांब शब्द तिथं पोचला
की टेकाड चढतो.
सोमवारी लिहिला : इनएक्झोरेबल.
अकरा जणांनी उतरवून घेतला. मुंजाजी म्हणाला,
"सर, मराठीत?"

डिक्शनरी म्हणते अटळ. म्हणते निष्ठुर.
दुसऱ्याच्या चपला घालून नळावर जावं
तसे दोन्ही.
तीस वर्षं मी पोस्टात पत्रं लावली,
पत्ता अर्धवट असला की अजून झोप येत नाही.
शब्द फोडला. आत लॅटिन निघालं, ओरारे :
हात जोडणं, गयावया करणं.

"म्हणजे नुसता वेग नव्हे.
घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकला कुणी विनवत नाही,
माणसं बाजूला उडी मारतात.
इथं आधी कुणीतरी म्हटलेलं पाहिजे, थांब.
आणि ते ऐकूनही...
बधणं आपल्याकडं आहे, विशेषण नाही.
न बधणारा म्हणा. दोन शब्दांत भागवा."

मुंजाजी रोलिंग मिलमध्ये, रात्रपाळीला.
"आमची सळई, सर. लालबुंद.
जाडी कमी होती तसा वेग वाढतो,
शेवटाला तर डोळ्याला दिसंना.
वाट चुकली तर हवेत उसळती सापावानी,
पत्र्यापस्तोर वेटोळं. आम्ही पळतो."
वा, म्हणालो, हेच उदाहरण.
तो जरा गप्प. मग :
"पण तिला बटन हाय की. लाल.
दाबलं का मिल बंद."
वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला.

बुधवारी वह्या आल्या.
टाइम इज इनएक्झोरेबल, सात जणांचं, एकाच गाइडमधून.
मुंजाजीचं : माय डॉटर इज इनएक्झोरेबल.
लाल पेन उचललं. माणसाला लावला
की अर्थ निष्ठुर होतो, सांगितलं होतं मी.
पोरीला कुणी असं म्हणतं?
"म्हणत नाहीत. पण ऐका."

मंठ्याहून निघालेली काळी-पिवळी, चौदा माणसं.
वाटूर फाट्यावर पंक्चर. स्टेपनी, तीही बसलेली.
"बायकोच्या पोटावर हात ठिवून म्हणायलो,
माय, थांब गं. जालना येऊ दे.
दोन तास दे. बरं, एक दे.
दोन कळांच्या मधी जेवढा टाइम
तेवढ्यात बोलून घ्यायचो.
त्यो टाइम बी कमी कमी व्हायला."
रसवंतीवाल्यानं ताडपत्री धरली.
जीपमधलीच एक म्हातारी, ओळख ना पाळख,
बाह्या सारून पुढं झाली.
"आली. बटन कुठं होतं, सर?"

पेनाला टोपण लावलं.
डिक्शनरीशी भांडण नाही माझं.
तिनं वाटूर फाटा पाहिलेला नाही.

शुक्रवारी तो पोरीला घेऊन आला, घरी कुणी नव्हतं म्हणून.
गिरिजा. पाचवं लागलंय.
पायऱ्या तिनं एकटीनं चढल्या,
बाप मागून हात पसरून.
सरळ फळ्याशी गेली, तळहात टेकवला, पुसायला लागली.
मी म्हणालो, थांब बाळा.
बाप म्हणाला, गिरजे. मग सगळाच वर्ग म्हणाला.
हात पुरत होता तिथवर,
डावीकडून उजवीकडं, अजिबात घाई नाही,
खालचा अर्धा शब्द गेला.

इंग्रजी अक्षरांचं बरं असतं,
वरचा अर्धा पुरतो वाचायला.
तसाच ठेवलाय मी.

साडेसातला मुंजाजी पाळीसाठी उठला.
जिन्यात तिचा आवाज, पायऱ्या मोजत उतरणारा.
चौदा, पंधरा, सोळा.
खाली टायरवाल्याचं शटर, पुढं रस्ता.
सतरा, ऐकू आलं. अठरा.